पाच अनाथ आणि एक डीएम

मीरा रोडला पाच माणसं एका रविवारी एका टेबलाभोवती बसवणं हे ड्रॅगन मारण्यापेक्षा अवघड काम आहे. ड्रॅगन निदान आपल्या गुहेत तरी सापडतो. इथे एकाच्या घरी नेमकं तेव्हाच पाणी यायचं असतं. दुसऱ्याच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा असते. तिसऱ्याला डोंबिवलीला कुणाच्या तरी साखरपुड्याला जायचं असतं (कुणाच्या, ते त्यालाही तिथे पोचल्यावर कळतं). आणि चौथा जंबो ब्लॉकमुळे बोरिवलीच्या अलीकडे गाडीत लटकत ‘पाच मिनिटांत आलोच’ असा मेसेज टाकत असतो. पाचवा मी. मी घरीच असतो, कारण टेबल माझं आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात माझा शिरकाव झाला तो त्या टेबलामुळेच. माझ्या भाच्याला सहा जण बसतील अशी जागा हवी होती, आणि शांतीनगरच्या वन-बीएचकेत सहा जणांचं डायनिंग टेबल मांडलं की त्यावर जेवायला बाल्कनीतून यावं लागतं. आमच्याकडे एक खोली जास्त आहे. ‘‘मामा, तुम्हीपण खेळा ना,’’ असं तो म्हणाला तेव्हा त्यात माया होती, नाही असं नाही. पण डोळा टेबलावर होता. वयाचा मान म्हणून मला क्लेरिक केलं. क्लेरिक म्हणजे लढाईत जखमी झालेल्यांना मंत्र म्हणून बरं करणारा. बाकीचे पराक्रम करतात, मी मलमपट्टी करतो. ऑफिसातही तीस वर्षं हेच करत आलो, त्यामुळे जड गेलं नाही.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण गोष्ट सांगतो, तो डंजन मास्टर, म्हणजे डीएम. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र आता काय करणार ते बोलून दाखवायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावात गॅरी गायगॅक्सने, डेव्ह आर्नसनला जोडीला घेऊन, हा खेळ छापून विकायला काढला. पहिल्या हजार प्रती. त्याआधी गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी सुटली होती आणि तो चपला-बूट दुरुस्त करून घर चालवत होता. बूट शिवताना माणसाचं डोकं मोकळं राहतं. त्या मोकळ्या डोक्यातून जे निघालं त्याचे हप्ते आम्ही मीरा रोडला पन्नास वर्षांनी भरतो आहोत.

खेळ चालतो चार तास. त्या चार तासांबद्दल आमच्यात वाद नाही. वाद आहे तो मधल्या दिवसांचा. एक रविवार संपला की पुढचा रविवार उजाडेपर्यंत खेळाडूने खेळासाठी काय करायचं? काही करायचं का? डीएमने रात्री जागवायच्या हे सगळ्यांना एकमुखाने मान्य आहे. आपल्या वाट्याला काय, या प्रश्नावर मात्र तोंडं पाच आणि मतं आठ.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘रविवार ५ शार्प’. खेळ साडेसहाला सुरू होतो. सोमवारी रात्री भाचा मागच्या भागाचा सारांश टाकतो. कोण कुठे अडकलंय, कोणत्या सरदाराला आपण काय वचन दिलंय, कोणत्या पुलाखाली कोण दबा धरून बसलंय, सगळं नीट परिच्छेद पाडून. त्यावर पाच निळ्या खुणा उमटतात. मंगळवारी एक अंगठा येतो. बुधवारी कुणीतरी चुकून दुसऱ्या ग्रुपवरचा ‘भाईंदर पूर्वेला आज पाणी कमी दाबाने’ हा मेसेज टाकतो आणि त्यावर मात्र भरघोस चर्चा होते. शुक्रवारी विचारणा होते: ‘‘रविवारी खायला काय आहे?’’ हा झाला आमचा आठवड्याचा अभ्यास.

पण सगळे असे नाहीत. आमच्या बार्डचं उदाहरण घ्या. बार्ड म्हणजे गाणी म्हणून लढणारा. हा मुलगा खऱ्या आयुष्यात नट आहे. मीरा रोडला दर तिसऱ्या इमारतीत एक नट राहतो, कारण काशीमीऱ्याच्या बाजूला मालिकांचे सेट आहेत आणि भाडं अंधेरीपेक्षा परवडतं. मालिकेत हा बहुधा हवालदार असतो. वाक्य एकच, ‘‘साहेब, गाडी सापडली.’’ ती सगळी साठलेली भूक तो आमच्या टेबलावर भागवतो. त्याने आपल्या पात्राचा पूर्वेतिहास लिहून आणला तो पीडीएफ उघडायला माझ्या फोनने बराच वेळ घेतला. त्यात त्याचं बालपण होतं, जळालेलं गाव होतं, एक हरवलेली बहीण होती, तिच्या गळ्यातलं अर्धं पदक होतं. उरलेलं अर्धं कुणाकडे ते त्याने डीएमला रात्री दीड वाजता वेगळ्या मेसेजमध्ये कळवलं होतं.

जळालेल्या गावाचं म्हणाल तर आमच्या पाचही वीरांची गावं जळालेली आहेत. पाचही अनाथ. एकाचेही आईवडील हयात नाहीत. खेळाडूंचे आईवडील मात्र धडधाकट आहेत आणि ऐन लढाईत त्यांचेच फोन येतात. ‘‘हो मम्मी, येताना आणतो. अर्धा लिटर. मम्मी, ठेव, माझ्यावर हल्ला झालाय.’’

आमचा फायटर भाईंदर पश्चिमेचा, घराणं मारवाडी, शिक्षण सीए. त्याला गोष्टीत रस नाही, हिशेबात आहे. आम्ही एका थडग्यातून दीड हजार सोन्याची नाणी काढली त्या रात्री सगळे नाचत होते; हा गप्प. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एक्सेल आलं. नियमपुस्तकात पन्नास नाण्यांचं वजन एक पौंड दिलंय, म्हणजे दीड हजार नाणी तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. ती कुणाच्या पाठीवर आहेत? त्याशिवाय पन्नास फूट दोरी, दहा पौंड. खाली टीप: ‘काकांच्या क्लेरिकची ताकद कमी असल्याने त्यांनी ढाल की नाणी यांतून एक निवडावं.’ मी ढाल ठेवली. तेव्हापासून माझ्या हिश्शाची नाणी फायटरच्या ताब्यात आहेत आणि त्यांच्यावर तो सांभाळणावळ लावतो असा मला संशय आहे.

आता मी ज्या प्रसंगाबद्दल सांगणार आहे त्यात या एक्सेलचाच हात आहे. गणपतीच्या आधीच्या रविवारी आमचा खेळ एका गुहेच्या तोंडाशी थांबला. पुढच्या रविवारी आत शिरायचं ठरलं. मग गणपती आले. मग पितृपक्ष, ज्यात आमच्या बार्डची आई नवीन काहीच सुरू करू देत नाही, गुहासुद्धा. मग नवरात्र, नट गरब्याच्या कार्यक्रमात, आमचा विझार्ड (म्हणजे जादूगार) गरब्यात. मग दिवाळी, म्हणजे सीएचा रिटर्न भरायचा मोसम आणि वर घरची लक्ष्मीपूजनाची वहीपूजा. तुळशीचं लग्न लागलं तरी आम्ही आपले गुहेच्या तोंडाशीच.

तेव्हा सीएने गायगॅक्सचं १९७९ सालचं ‘डंजन मास्टर्स गाइड’ उकरून काढलं. त्या पुस्तकात गायगॅक्सने काळाचा हिशेब काटेकोर ठेवण्याबद्दल फार तळमळीने लिहिलंय. एक वाक्य तर त्याने सगळं मोठ्या अक्षरांत छापलंय. आणि त्यात नियम असा की खेळ बंद असतो तेव्हा बाहेरचा एक दिवस म्हणजे खेळातलाही एक दिवस. लेक जिनिव्हात हे चालत असेल. तिथे लोक दर आठवड्याला, कधी आठवड्यातून अनेकदा खेळत. पात्रांनाही मधे जखमा भरायला, तलवारीला धार लावायला, चेटकं शिकायला दिवस मिळत. खेळाडू घरी जाऊन जेवला तरी त्याचं पात्र कुठेतरी कामाला लागलेलं असे. कल्पना उत्तम आहे. फक्त ती मीरा रोडच्या सणासुदीत चालवून बघितलेली नाही.

‘‘आपल्या प्रत्येकाच्या पिशवीत दहा मशाली आणि दहा दिवसांचा शिधा,’’ सीए एक्सेल उघडून म्हणाला. ‘‘म्हणजे विसर्जनाच्या आधीच शिधा संपला. काका, आपण नवरात्रात मेलो.’’

भाचा म्हणाला, ‘‘अरे, तो जुना नियम आहे. आता पाचवी आवृत्ती आहे, तो नियम गेला.’’

‘‘रद्द झाल्याचं परिपत्रक दाखव.’’

नट उभा राहून आपल्या मरणाचं भाषण करण्याच्या तयारीत होता. विझार्ड विचारत होता, ‘‘आपण गुहेत कधी आलो?’’ एवढ्यात आमची रोग (म्हणजे चोर, आजार नव्हे) आपल्या वहीचं शेवटचं पान उघडून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘‘काका, तुमच्याकडे तो अन्न-पाण्याचा मंत्र आहे ना?’’

होता. ‘क्रिएट फूड अँड वॉटर’. एकदा म्हटला की पंधरा माणसांचं दिवसाचं भागतं. अन्नाला चव नसते पण पोट भरतं, असं पुस्तकच सांगतं. दोन महिने मी रोज सकाळी तो म्हणत होतो असं ठरलं आणि पाच जीव वाचले. आतून आमची ही सगळं ऐकत होती. ती म्हणाली, ‘‘मग रविवारी तेच वाढा सगळ्यांना. मी भेळ करणार नाही.’’

या रोगबाईंबद्दल सांगितलं पाहिजे. शांतीपार्कात त्या आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेतात; अख्खी कॉलनी त्यांना टीचर म्हणते, म्हणून आम्हीही. त्यांनी पूर्वेतिहास लिहिलेला नाही, एक्सेल बनवलेलं नाही, रात्री दीडला डीएमला मेसेज टाकलेला नाही. मुलांच्या हजेरीची जी वही असते तिच्या मागच्या पानावर त्या खेळ संपल्या संपल्या, चपला घालायच्या आधी, तीन ओळी लिहितात: आपण कुठे आहोत, आपण कुणाचं देणं लागतो, आपल्याला कुणाला मारायचंय. रविवारी जिना चढताना त्या वाचतात. बास. माझ्या मते खेळाडूचा सगळा अभ्यास या तीन ओळींत संपतो. चौथी ओळ लिहिली की नटाच्या वाटेला लागायची भीती असते.

आता विझार्ड. हा पोरगा चर्चगेटला नोकरी करतो. सकाळी मीरा रोडला चढायला मिळत नाही म्हणून भाईंदरला जाऊन रिटर्न मारतो, बसायला जागा मिळवतो आणि चर्चगेटपर्यंत झोपतो. म्हणजे रोज दीड तास, खिडकीशी, हातात काही नसलेला माणूस. ‘‘त्या वेळात आपले मंत्र वाचत जा,’’ असं भाच्याने किती वेळा सुचवलं! पण झोप ती झोप. गंमत अशी, की नियमाप्रमाणे विझार्डचं पात्र रोज पहाटे उठून आपली मंत्रपोथी वाचतं आणि त्या दिवशी लागतील ते मंत्र पाठ करून ठेवतं. पात्र एकही दिवस खाडा करत नाही. खेळाडूने पुस्तक उघडलंय ते फक्त कोपऱ्याला चहाचा कप ठेवायला.

त्यामुळे त्याची पाळी आली की काय होतं ते एकदा जवळून बघा. खेळात लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते. टीचर आपली चाल सांगतात, फासा टाकतात, पाणी पितात, झालं. मग विझार्ड. ‘‘माझी पाळी? मी काय काय करू शकतो?’’ पुस्तक शोधलं जातं. ते फराळाच्या डब्याखाली असतं. पान सापडेपर्यंत मी चहा टाकून येतो. शेवटी तो मान वर करतो, चेहरा उजळलेला: ‘‘फायरबॉल!’’

‘‘गुहा तीस फूट रुंद आहे,’’ भाचा हळूच म्हणतो. डीएमने यापेक्षा जास्त सुचवायचं नसतं.

‘‘चालेल.’’

फायरबॉलची त्रिज्या वीस फूट. म्हणजे चाळीस फुटांचा गोल. तीस फुटांच्या गुहेत. आमच्या हॉलमध्ये टाकला तर हॉल, स्वयंपाकघर, जिना आणि शेजाऱ्यांचं देवघर एकदमच जाईल. सहा बाजूंचे आठ फासे टाकायचे होते. खेळाच्या संचात सात फासे असतात, दोन सोडले तर सगळ्यांचे आकार वेगळे, त्यात सहाचा एकच. म्हणून लुडोच्या डब्यातले दोन, व्यापारचे दोन, आणि बाकीचे कुठून तरी गोळा केले. आठही फासे स्टीलच्या वाटीत खुळखुळवून त्याने टेबलावर उपडे केले. बेरीज एकतीस. तीन राक्षस भाजून निघाले. सोबत आमचा फायटर आणि बार्डही. नटाने जमिनीवर कोसळून बहिणीचं नाव घेतलं. सीएने शांतपणे पेनाने स्वतःच्या कागदावर शून्य लिहिलं आणि म्हणाला, ‘‘नाण्यांची चावी माझ्याकडे होती.’’

मी मंत्र म्हणत दोघांना उठवलं. विझार्ड खूश होता. त्याचं म्हणणं, तयारी केली असती तर इतकी मजा आली नसती. आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त हशा तेव्हाच पिकला, त्यामुळे त्याला उत्तर द्यायला कुणी धजावलं नाही. पण टीचर घरी जाताना मला म्हणाल्या, ‘‘काका, एकदा गंमत असते. दर वेळी तोच हॉल जळाला तर?’’

आमचे कुडाळचे काका गणपतीनंतर आले होते. त्यांना मी हा सगळा प्रकार समजावून सांगितला: लिहिलेलं नाटक नाही, संवाद नाहीत, गोष्ट आधी ठाऊक नाही, जो तो आपल्या पात्राचं मनाने बोलतो. काका म्हणाले, ‘‘म्हणजे दशावतार.’’ मी गप्प झालो, कारण म्हणणं बरोबर होतं. सिंधुदुर्गात जत्रांच्या दिवसांत दशावतारी मंडळी आज या गावच्या देवळात, उद्या त्या गावच्या. लिहिलेली संहिता नाही. रात्रीचं आख्यान कोणतं ते ठरतं, कुणी कोणतं सोंग घ्यायचं ते ठरतं, आणि रंग लावता लावता चार गोष्टी बोलून घेतात, बस्स. एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तेच पर्वत. मग पहाटेपर्यंत राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून एकमेकांना जागच्या जागी बोलण्यात हरवतात. पूर्वी हे लोक सामानाचे पेटारे डोक्यावर घेऊन एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला चालत जात. दोन खेळांच्या मधला वेळ हा असा, पायाखाली.

‘‘आणि तयारी कधी करतात?’’ मी विचारलं.

‘‘तयारी?’’ काका म्हणाले. ‘‘पुराणां डोक्यात आसतत रे त्यांच्या. लहानपणापासून आयकलेली. रातीक काय तयारी करतलो?’’

या एका उत्तरात आमच्या ग्रुपची फार मोठी अडचण आहे. दशावतारी राजाला रामायण-महाभारत माहीत असतं, समोरच्यालाही, बघायला आलेल्या म्हातारीलाही. चुकलं तर ती खालून ओरडते. आमच्या ड्रॅगनांचं पुराण फक्त एकाच डोक्यात असतं, भाच्याच्या. बाकी पाच डोकी सोमवारच्या सारांशावर अवलंबून, आणि त्या सारांशाला फक्त निळ्या खुणा.

म्हणून सगळ्यांत कीव येते ती डीएमची. भाचा मालाडला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. घरी येऊन जेवतो आणि गणिताच्या चौकटीच्या वहीत नकाशे काढतो. एक चौकट पाच फूट. यंदा त्याने आपल्याच घोडबंदरच्या किल्ल्यावरून एक किल्ला रचला. खाडीकाठचा, पोर्तुगीजांचा, १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने घेतलेला. आमच्याकडून रिक्षाने जाता येतं. सगळ्यांनी एका शनिवारी किल्ला बघून यायचं असं त्याने सुचवलं, म्हणजे खेळताना डोळ्यांसमोर येईल. आला फक्त नट. त्याने बुरुजावर उभं राहून सहा रील काढल्या. विझार्डने नंतर विचारलं, ‘‘घोडबंदरला तुम्ही कशाला गेलात? तिथे तर ट्रॅफिक असतं.’’

तर त्या किल्ल्याखाली भाच्याने भुयारं काढली, भुयारांत सापळे, सापळ्यांच्या पलीकडे एक शापित बखर, आणि ती बखर वाचू शकणारा आंधळा म्हातारा. तीन आठवड्यांच्या रात्री. आम्ही रविवारी त्या किल्ल्यापाशी पोचलो. दाराशी एक चहावाला होता. त्याला नाव नव्हतं. तो फक्त दृश्य भरायला होता. नटाने विचारलं, ‘‘दादा, आपलं नाव?’’ भाचा दचकला. ‘‘अं... बाबू.’’ झालं! पुढचे चार तास आम्ही बाबूच्या टपरीवर. बाबूला मुलगी आहे का? बाबूच्या उधारीचं काय? सीएने बाबूला हप्त्याने नवी भट्टी घ्यायचा सल्ला दिला. टीचरनी बाबूकडून गल्ल्यातले सात चांदीचे तुकडे लांबवले, मग पस्तावून आठ परत ठेवले. भुयाराकडे कुणी फिरकलं नाही. बखर तशीच आहे. आता बाबू आमच्या गोष्टीतलं मुख्य पात्र झाला आहे आणि त्याचाही पूर्वेतिहास नटाने लिहून दिला आहे. त्याचंही गाव जळालेलं आहे.

हे बघून एकेकाळी मला वाटू लागलं होतं की जास्त अभ्यास करणारा खेळाडू हा काहीच न करणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. न करणारा फक्त वेळ खातो. जास्त करणारा गोष्ट खातो. नटाला हरवलेली बहीण सापडलीच पाहिजे, कारण त्याने तिच्यावर पानं खर्च केली आहेत. मग डीएमने तिला कुठेतरी ठेवायची, आणि बाकीच्या चौघांनी तिथपर्यंत चालत जायचं. इंटरनेटवर ‘क्रिटिकल रोल’ नावाचा कार्यक्रम २०१५ पासून चालतो. त्यात मुरलेले व्हॉइस आर्टिस्ट हा खेळ तासन् तास खेळतात, रडतात, गातात. नट तो दीडपट वेगाने बघतो आणि आमच्याकडून तशीच अपेक्षा करतो. पण त्या लोकांचं ते काम आहे. आमच्यात एकाला सकाळची सहा बावन्न पकडायची असते.

भाच्याने मधे लाच देऊन पाहिली. नियमांत ‘इन्स्पिरेशन’ म्हणून बक्षीस असतं. ते मिळालं की एखाद्या कठीण वेळी फासा दोनदा टाकून चांगला आकडा घेता येतो. जो मागच्या रविवारचा वृत्तान्त लिहील त्याला एक इन्स्पिरेशन. नटाने त्या रात्रीच पाठवला, बाबूच्या डोळ्यांतून लिहिलेला. सीएने विचारलं, हे बक्षीस दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, आणि पुढच्या वर्षी नेता येतं का. विझार्डने एआयला सांगून लिहून घेतला. त्यात आमचा विजय झाला होता आणि ड्रॅगन शरण आला होता, जो आम्हाला अजून भेटलेलाच नाही. टीचरनी आपल्या तीन ओळींचा फोटो काढून टाकला. बक्षीस त्यांनाच द्यावं असं मी म्हणालो, पण डीएमला नटाची निष्ठा मोडवेना. योजना तिथेच बारगळली.

यजमान म्हणून माझाही मधल्या दिवसांचा काही उद्योग असतो, त्याची दखल कोणी घेत नाही. टेबल पुसणं, जास्तीच्या खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणणं, आणि खाली वॉचमनच्या रजिस्टरचा निकाल लावणं. त्या रजिस्टरात ‘येण्याचं कारण’ असा रकाना आहे. टीचर ‘ट्यूशन’ लिहितात. सीए ‘ऑडिट’. विझार्ड काहीच लिहीत नाही. नटाने एकदा ‘ड्रॅगन’ लिहिलं. सेक्रेटरींनी मला बोलावून घेतलं. पाळीव प्राण्यांबद्दलचा सोसायटीचा ठराव त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी आमच्याकडे दर रविवारी सत्संग असतो असं ठरलं. तेव्हापासून तळमजल्याच्या आजी प्रसाद विचारायला येतात, आणि भेळ त्यांनाही द्यावी लागते.

शेवटी सगळ्यांनी मिळून एक नियम केला. सारांश वाचा, नका वाचू. मंत्र पाठ करा, नका करू. पूर्वेतिहास लिहा, मात्र दोन पानांत. पण रविवारी येणार की नाही, हे गुरुवारी रात्री नऊच्या आत ग्रुपवर सांगायचं. ‘बघतो’, ‘ट्राय करतो’ आणि ‘मम्मीला विचारून सांगतो’ ही तीन उत्तरं बाद. हो की नाही, बस्स. टीचरनी तो नियम हजेरीच्या वहीत चौथी ओळ म्हणून लिहिला. सीएने मसुदा तपासून एक उपकलम जोडलं: शुक्रवारी नकार दिल्यास भेळीचा खर्च नकार देणाऱ्याच्या नाण्यांतून. माझी नाणी त्याच्याकडेच असल्याने मला यात धोका वाटला, पण मी सही केली.

पहिल्याच गुरुवारी भाच्याने आठ वाजता विचारलं. आठ पाचला टीचरचं उत्तर आलं: नाही, चाचणी परीक्षा. आठ दहाला सीए: नाही, मुदत. मग नट: नाही, शूटिंग, आणि या वेळी दोन वाक्यं आहेत. मग विझार्ड, चालत्या गाडीतून: नाही, भावाचा साखरपुडा. माझ्या घरी पाहुणे येणार होते, मीही नाही कळवलं. नऊ वाजायला अजून वीस मिनिटं होती. थोड्या वेळाने भाच्याचा फोन आला. आवाज भरून आला होता.

‘‘मामा,’’ तो म्हणाला, ‘‘इतकं वेळेवर झालेलं आपलं हे पहिलंच सेशन.’’